फुगीर गुलाबी अक्षरं

गुनवोरनं केकचा डबा टेबलावर ठेवला आणि पार्टी किती वाजता ते बघायला कॉफीच्या यंत्रावरचा कागद पहिल्यांदाच नीट वाचला.

कागद सोमवारपासून तिथं होता. कारखान्यात बनणाऱ्या गोड गोळ्यांच्या पाकिटांवर असतात तीच अक्षरं. जाडजूड, गुलाबी, गालात गोळी धरल्यासारखी फुगलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी कारखान्याची पार्टी, आणि तिचा कागद दरवर्षी अश्शाच अक्षरांत लागायचा. मग वाचत कोण बसतंय? खाली रिकाम्या ओळी दिसल्या तशी बायकांनी नावं टाकली होती. कुणी हेरिंग मासे आणणार, कुणी स्ट्रॉबेरी. ‘मायलिस – बटाट्याचं सॅलड.’ गुनवोरनं काही लिहिलं नव्हतं. केक तिचाच असतो, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक.

"मायलिस," ती म्हणाली, "कारखाना बंद होतोय."

"आधी कॉफी घे."

"वाच तर."

मायलिसनं मोठ्यानं वाचलं. सुट्टीनंतर कारखाना उघडणार नाही. माल्मोच्या कारखान्यात चार जागा आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी गुरुवारपर्यंत खाली नाव लिहावं.

"गुरुवार काल झाला," मागून कुणीतरी म्हणालं. एकीला उगाच हसू फुटलं आणि तिनं ते कपात दाबलं.

तेवढ्यात मॅनेजर हेन्निंग कागद काढायला आला.

"हे असं लिहितात होय?" गुनवोरनं विचारलं. "वाढदिवसाचं बोलावणं असल्यासारखं?"

"कंपनीचा नियम आहे. कागद आतला असो की बाहेरचा, अक्षर हेच. आपण आनंद विकतो ना."

"आम्हाला पार्टी वाटली, हेन्निंग."

"जागा चार, नावं चार. दुपारी माल्मोला पाठवतोय." तो जरा घुटमळला. "तुझं नाव दिसलं नाही. वाटलं, तुला जायचं नसेल."

"अरे, मायलिसनं सॅलड लिहिलंय. सॅलड."

"पण नाव आहे ना?"

सगळ्या मायलिसकडे बघायला लागल्या. मायलिस कुणाकडेच बघत नव्हती. यंत्राला दोरीनं बांधलेलं पेन तिनं ओढलं. गुनवोर थांबून राहिली. दोघी पाकिटं भरायच्या एकाच सरकत्या पट्ट्यापाशी, शेजारी शेजारी उभ्या राहत आल्या होत्या.

मायलिसनं ‘बटाट्याचं सॅलड’ खोडलं. नाव तसंच ठेवलं.

गुनवोरनं डबा उघडला. पांढऱ्या क्रीमवर तिनं पाकीट समोर ठेवून गुलाबी अक्षरं काढली होती, ‘मजेत जावो उन्हाळा’. हेन्निंग केकवर वाकला.

"हुबेहूब जमलीत की. अगदी आपलीच अक्षरं."

"तीस वर्षं बघतेय," गुनवोर म्हणाली आणि सुरी पहिल्या अक्षरावर टेकवली. "वाचायची वेळ आजच आली."