जुन्या मशीनची पूजा

बोईसरला संखे सरांचं छोटं ऑफिस होतं. तारापूरच्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. ऑफिसात नवाकोरा लॅपटॉप आला तो कालपरवा कामाला लागलेल्या पूर्वी नावाच्या मुलीला मिळाला, आणि जुन्या धीरजच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. त्यात दिवाळीनंतर पुण्याच्या मोठ्या प्रोजेक्टवर कोणाला तरी पाठवायचं होतं, आणि त्यावर धीरजचा डोळा होता.

मग सगळ्यांच्या मशीनवर प्रोग्रॅमिंगच्या टूलचं नवं व्हर्जन चढलं. कारखान्यात न्यायची सेटअप फाइल त्या व्हर्जनमध्ये बनतच नाही, हे एकट्या धीरजला ठाऊक होतं. "माझं राहू द्या, सर," म्हणत त्यानं आपला जुना डबा कॉम्प्युटर वाचवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

व्हायचं तेच झालं. माल द्यायच्या दिवशी पूर्वीकडून सेटअप फाइल काही केल्या बनेना, ती रडकुंडीला आली. धीरज रमतगमत उठला, आपल्या डब्यावर फाइल बनवली आणि सरांकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघून हसला.

दसऱ्याला सरांनी झेंडूची सगळ्यात मोठी माळ त्या डब्याला घातली. पूर्वीच्या नव्या लॅपटॉपला नुसती दोन फुलं. धीरजच्या जिवाला कसं गार वाटलं.



"या मशीनला आता कोणी हात लावायचा नाय," नारळ फोडत सर म्हणाले. "आणि धीरज, तूपण याला सोडून कुठं जायचं नाय. पुण्याला मी पूर्वीला पाठवतो."