सावळाबाबांचा भोंगा

महायुद्धामुळं मुंबईहून मोटारीचं सामान येईना, तेव्हा भोरच्या लियाकत मिस्त्रीनं विंझरच्या सावळाबाबा धनगरांच्या मेंढवाड्यात गंजत पडलेली मोटार बैल जुंपून घरच्या परसात आणवली. स्वतःची बंद गाडी चालू करायला तो त्या गंजक्या मोटारीचा एकेक भाग खोलू लागला. भाग शाबूत निघाला की आरोळीच ठोकायचा. शेवटी पितळी भोंगा, तोही लखलखीत! "तेवढा ऱ्हाऊ द्या, मिस्त्री," सोबत आलेले बाबा पुटपुटले, "आमच्या कामाचा हाय." "मेंढरं मोटार चालवत्यात व्हय, बाबा?" म्हणत लियाकतनं भोंगा आपल्या गाडीवर आवळला. दुसऱ्या दिवशी बाबांना घरी सोडायला शेजारी बसवताच गाडी कानात वारं शिरलेल्या वासरागत उधळली. विंझरच्या वळणावर त्यानं ऐटीत भोंगा वाजवला, आणि डोंगरावरून धावत आलेल्या दोनशे मेंढरांनी गाडी घेरली. "रोज ह्यानंच बलावतो त्यास्नी," बाबा ओशाळले. पोट धरून हसत लियाकतनं खिशातला पाना काढला.