पैलवानाची टाकी

थोरल्या लेकीच्या लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं. ती मोडलेला हात गळ्यात बांधून माहेरी आली, आणि हाड जुळल्यावर जावई तिला न्यायला आला. शोभेच्या माशांच्या दुकानात, टाक्यांच्या मधल्या बोळात तो उभा होता. दुकानदाराच्या, म्हणजे लेकीच्या बापाच्या, हातात जाळी होती. वरच्या खोलीत आई लेकीची बॅग भरत होती.

"जिन्यावरून पडली," जावई म्हणाला. "वेंधळी आहे जरा. लहानपणापासूनच का, मामा?"

दुकानदार हसला. जावयासमोर हसतात तसं.

लेक वेंधळी नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे ते दांडगे ऑस्कर मासे या घरात तिनेच वाढवले होते. पिल्लं तिळाएवढी असल्यापासून ती त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायची. थोडी वाढली की मोठी पिल्लं लहानांना गिळतात. म्हणून ती रोज चमच्याने मोठी वेगळी करायची, लहान वेगळी. त्यातली शेवटची दोन तिने विकू दिली नाहीत. नराला बाप पैलवान म्हणायचा. मादीला ती ठकी म्हणायची. ठकी तिच्या बोटातून गांडूळ घ्यायची, बोटाला दात न लावता.

लेक सासरी गेली आणि पैलवानाने ठकीला फाडायला सुरुवात केली. दुकानदाराने ठकीला बाहेर काढून लहान टाकीत ठेवलं. एक डोळा गेला होता, पण शेपटी आता पुन्हा भरत आली होती.

"ही एकटीच का?" जावयाने लहान टाकीच्या काचेवर टिचकी मारली.

"त्या मोठ्याची बायको ती. मारायचा फार."

"म्हणजे माहेरी आलीय म्हणा की!" जावई मोठ्याने हसला. "आणि तुम्ही ठेवून घेतलीत!"

"एकदा बाहेर काढलेली मादी परत सोडत नाहीत. टाकी आता त्याची झाली. तो जिवंत ठेवणार नाही."

"काय सांगताय! तुम्ही मधे पडलात म्हणून बिघडलं. नवरा-बायकोचं आहे, मिटतं आपोआप. आणा इकडे."

त्याने जाळी काढून घेतली. दुकानदार "अहो, नको," म्हणाला, पण हळू म्हणाला. जावयाने ठकीला उचललं आणि मोठ्या टाकीत सोडून झाकण लावलं.

ठकी कोपऱ्यात गेली. पैलवान क्षणभर जागेवर थांबला. त्याचे कल्ले फुगले, अंग काळं पडलं. मग तो सरळ तिच्या पोटावर आदळला. काच दणाणली. ती वळली, तर त्याने तिचा जबडाच धरला आणि तिला दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. खवले पाण्यात उडाले. नवी शेपटी एका झटक्यात गेली. ठकी वर आली, टाकीबाहेर उडी मारायला गेली आणि झाकणावर आपटून खाली पडली. तो खाली वाट बघतच होता. त्याने तिचा उरलेला डोळा काढला.

"बघा, बघा!" जावई काचेला नाक लावून म्हणाला. "कशी लाइनीवर येते बघा आता."

लेक बॅग घेऊन खाली उतरत होती. पाणी लाल झालेलं तिने पाहिलं. बॅग टाकून ती धावली आणि झाकण सारून तिने हात आत घातला. पैलवानाने तिच्या बोटांचं कातडं सोललं. तरी तिने हात काढला नाही. मग जावयाने तिचं मनगट धरून बाहेर ओढलं. नुकतंच जुळलेलं, तेच.

"थांब म्हणतो ना! मिटेल त्यांचं."

त्याने मनगट पिळलं. तिचा चेहरा पांढरा झाला. तोंडातून आवाज मात्र आला नाही. ओठ आत ओढून, डोळे जमिनीकडे लावून ती उभी राहिली, कधी संपेल याची वाट बघत. ही उभं राहायची पद्धत दुकानदाराने तिला शिकवली नव्हती. या घरात ती मुंगी चावली तरी घर डोक्यावर घ्यायची.

टाकीची काच घासायचा लोखंडी दांडा भिंतीला टेकलेला होता. दुकानदाराने तो उचलला आणि जावयाच्या हातावर घातला. हाड वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. जावई खाली बसला आणि आईच्या नावाने ओरडू लागला.

"मामा, वेड लागलं का तुम्हाला!"

"तुमचं घर बैठं आहे, जावईबापू," दुकानदार म्हणाला. "मी जेवून आलोय त्या घरात. जिना कुठला?"

लेकीने बापाकडे पाहिलं. हे विचारायला त्याला सगळा महिना लागला होता.

आई जिन्यात उभी होती. ती खाली आली, बॅग उचलली आणि वर घेऊन गेली.

ठकी त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत मेली. पैलवान पुढे बरीच वर्षं त्या टाकीत एकटाच राहिला. त्याला लेकच खायला घालायची, पण चिमट्याने. दुकानही तिनेच चालवलं.

जावयाचा हात जुळला. त्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि राहिला त्याच घरात. ती मुलगी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मेली. जिन्यावरून पडून, असं त्याने तिच्या आईवडिलांना कळवलं.