डावीकडचा ब्रेक

“आधी ट्रायल घे, मगच गिअरबॉक्स उतरव,” मी इकबालला बजावलं. आधीचे दोन गॅरेजवाले गाडी ठणठणीत आहे म्हणाले होते. मेल्यांना काही कळत नाही. गिअरबॉक्सच बिघडलेला निघू दे, एवढंच मी देवापाशी मागत होते.

गाडी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची, म्हणून शिकवणाऱ्याच्या पायाशी, डावीकडेही ब्रेक होता. तिथे बसून ह्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, इकबाललासुद्धा. आज तिथे इकबाल बसला, हे स्टेअरिंगवर आणि मी मागे.

गाडी थरथरून बंद पडली. “बघ, पहिला पडतच नाही,” हे चिडले. त्यांनी तिसरा टाकला होता. इकबालने हात लांबवून पहिला टाकला, अलगद पडला.

नाक्यावर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. गिअर उतरवायला ह्यांनी दांड्यावर हात ठेवला आणि तो कुठे न्यायचा हेच त्यांना आठवेना. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, नजर दांड्यावर. मी किंचाळले. इकबालने डावीकडचा ब्रेक दाबला.

मुलं गेली. इकबालने किल्ली काढून घेतली. आरशात माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“गिअरबॉक्सच गेलाय, उस्ताद. ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत. गाडी उभीच राहू दे.”

हे मागे वळले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता. “सांगत होतो ना तुला? गाडीतच दोष आहे.”

“हो,” मी म्हटलं. “माझंच चुकलं.”