चार दिवसांची रजा

मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क वामनरावांनी कोणाला मागितली तेवढी रजा दिल्याचं ऐकिवात नव्हतं. तेजरावची बायको बाळंतपणाला जानेफळला माहेरी गेली होती. त्याला दोन दिवस हवे होते, म्हणून त्याने अर्जात चार मागितले.

वामनराव आज वसकले नाहीत. नुकतीच आलेली तार त्यांनी रजिस्टरखाली सरकवली, अर्जावरचा आकडा खोडून दुसरा लिहिला आणि सही केली.

"आताची मोटार भेटते तुले. निघ."

"किती दिवस देल्ले, साहेब?"

वामनरावांनी अर्ज त्याच्यासमोर ठेवला. तेजरावने तो उचलून पाहिला.

"साहेब, मी त चार मांगले होते. हे तेरा काऊन?"