कारंजा जाळी

कारंज्यातल्या आपल्या दुकानात रज्जाक टेलरने टपालाचं तिकीट पालथं केलं, त्यावरून बोटाचं टोक फिरवलं आणि समोर बसलेल्या धनसिंगचा हात धरून त्यालाही फिरवायला लावलं.

"लागते का?"

"थांबा जी. लागू तं द्या."

"लागतेच. मले शिलाईतली गाठ अंधारात लागते, हे नाई लागनार?"

तिकीट अमेरिकेचं होतं, दीडशे वर्षांमागचं, तीन सेंटचं, गुलाबी. त्यावर वॉशिंग्टनसाहेबांचं तोंड. अशी दोन तिकिटं या दोघांनी मिळून मागवली होती आणि डोळे मिटून एकेक वाटून घेतलं होतं. रंग तोच, तोंड तेच, तोंडावरची नाराजीही तीच. फरक असलाच तर पाठीवर असायचा. त्या काळी अमेरिकेतली माणसं शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा लावतील, अशी सरकारला धास्ती होती. (म्हंजे आपल्याच गावची मानसं, असं धनसिंगचं मत.) म्हणून सरकारने काही तिकिटांच्या कागदात बारीक दाण्यांची जाळी दाबली, शिक्क्याची शाई आत मुरावी, धुता येऊ नये म्हणून. जाळीवालं तिकीट मानाचं. बिनजाळीचं आपलं साधं.

रज्जाकच्या तिकिटावर आज जाळी होती. मागच्या आठवड्यात नव्हती. पण रज्जाकचं म्हणणं, मागच्या आठवड्यात चष्माही जुना होता.

धनसिंगने खिशातून भिंग काढलं. एसटीत कंडक्टर म्हणून त्याची हयात गेली होती आणि आपल्या हातून एकही खोटी नोट पुढे गेली नाही, असं तो सांगत असे. त्याने तिकीट उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, सरळ केलं.

"दाने तं हायेत," तो सावकाश म्हणाला. "पन मधात पट्टा काहून सुटला? दोनच रांगा दिसून राह्यल्या."

"साचा झिजला असंन."

"साचा तवा नवा होता ना, रज्जाकभाई."

"सरकारी होता," रज्जाक म्हणाला.

वाशीमच्या तिकीट-प्रदर्शनात दोघांची मिळून एकच फ्रेम लागायची होती. वर एकाचं नाव मोठ्या अक्षरात, खाली दुसऱ्याचं बारीक, त्याआधी 'सहकार्य'. वर कोण, यावर महिनाभर चहा थंड होत होते. शेवटी ठरलं, ज्याचं तिकीट सरस निघेल तो वर.

धनसिंगने भिंग मिटलं. "नाव तुमचं वर. इथं रेंज नाई, बाहेरून वाशीमले फोन करतो."

तो ओट्यावर गेला. रज्जाकला बसवेना. तो उठला, बसला, विनाकारण कात्री उघडून मिटली. तेवढ्यात लाईट आली. पंखा गरगरला आणि वॉशिंग्टनसाहेब टेबलावरून उडाले. आतून साडीचा फॉल घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, जमीलाने, तिकीट हवेतच धरलं, शिलाई मशीनवर ठेवलं आणि मशीनचा कापड दाबणारा पाय त्यावर खट्‌कन सोडला.

"अगं, काय करून राह्यली?"

"परवा केलं तेच. तुमी नमाजले गेलते अन् हे उडून राह्यलं होतं. अख्खी दुपार दाबून ठेवलं म्हनून वाचलं, नाई तं नालीत गेलं असतं."

रज्जाकने मशीनचा पाय उचलला. तिकीट बाजूला केलं. खाली कापड पुढे ढकलणारे दाते होते, उभा जन्म त्याने तेल घालून घालून चकचकीत ठेवलेले. दात्यांच्या दोन रांगा. मधात सुईसाठी सुटलेला पट्टा.

बाहेरून धनसिंगचा आवाज येत होता. "हो, वर रज्जाक. मोठ्या अक्षरात लिहा, दुरून दिसलं पायजे. माहं खाली, बारीक. अजून बारीक चालन."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. हे दाते ओळखणारा दुसरा शिंपी काही वाशीमला तिकिटं पाहायला येणार नव्हता. रज्जाकने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाते तिथेच होते.

"धनसिंगभाऊ," त्याने हाक मारली. "फोन ठेवा अन् आत या."

धनसिंग आत आला. त्याने दाते पाहिले, तिकीट पाहिलं, मग तिकीट दात्यांवर टेकवून पाहिलं. दाणा दाण्यात बसला. रज्जाक त्याच्या हसण्याची वाट पाहत उभा राहिला. आता हे गावभर होणार, रिसोडच्या एसटीतही होणार.

धनसिंग हसला नाही. त्याने टेबलावरचं स्वतःचं तिकीट उचललं, कपाळाला लावलं आणि नीट मधोमध दात्यांवर ठेवलं.

"काय करून राह्यले, धनसिंगभाऊ? साबूत हाय ते."

"एकावर असली तं लोक खराबी म्हनतात. दोनावर असली का तो नवा प्रकार होते."

"अन् कागदावर काय लिहाचं?"

"हाय ते लिहू. कारंजा जाळी. मशीनच्या नावगावासकट. दुनियेत दोनच, एक तुमचं, एक माहं. मंग वर कोन अन् खाली कोन?"

रज्जाकने आधी जाऊन पंखा बंद केला. मग धावत परत येऊन वाकून बसला, नाक मशीनला लागेपर्यंत. "जरा डावीकडं घ्या. साहेबाचं नाक जाळीत आलं पायजे."

"आलं. भाभी, सोडा पाय."

जमीला स्टुलावर बसली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा धनसिंगकडे, आणि एकदा खाली वॉशिंग्टनसाहेबांकडे.

"सोडते," ती म्हणाली. "पन धागा कोन्या रंगाचा लावू, ते आधी सांगा."