पाठचं चित्र

"आई, मग मी चोरी केली का?" सोनलने विचारलं, आणि जयवंतीचा हात परातीतल्या कणकेतच थांबला.

तसं बघितलं तर पोरीचं काही चुकलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं शाळेत दाखवली, एक घरून काढून आणा म्हणाले. हिने नेटवरचा एक साप आणि एक पाणवठा उचलला आणि कान साफ करायच्या काड्यांनी दोन दिवस खपून ठिपके दिले. आणि परवा मिस म्हणाली, त्या लोकांत पूर्वजांची गोष्ट घराण्याची असते. आजोबांनी, मामाने, आत्याने ती दिल्याशिवाय कुणी तिचं चित्र काढत नाही.

"उद्या सबमिट करायचंय. तू दे ना मला एक. आपली फॅमिली स्टोरी. आहे का आपली?"

आहे का म्हणे! जयवंती पिंगुळीची, चित्रकथ्यांच्या घरातली. तिचे वडील बाळकृष्ण देवळात एकेक चित्र दाखवत, राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेणाऱ्या मैरावणाची कथा गायचे. त्यांच्या आधी आजा, पणजा. पण चित्रांची पोथी जायची ती मुलाकडे. मुलीने बापाच्या मागे बसून पाण्याचा तांब्या सांभाळायचा. जयवंतीने तो आठ वर्षं सांभाळला. कथा तिला तोंडपाठ होती आणि ती तिची नव्हती. आखातातल्या, वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये बारा वर्षांत तिने पोरीला त्या कथेतली एक ओळ ऐकवली नव्हती.

ती उठली. हात धुतले. खिडकी उघडली, गरम हवा तोंडावर आली तशी लावून घेतली. पुन्हा हात धुतले.

"बस की आई," सोनल म्हणाली.

बसवत कुठे होतं! विचारलं आणि नाही म्हणाले तर? आणि न विचारता दिली, तर चोरी दोघींची. शेवटी तिने व्हिडिओ कॉल लावला.

फोन भावाने, स्वरूपने उचलला. बाबा शेजारीच खुर्चीत होते. जयवंतीने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "बाबानू, माझ्या चेडवाक, सोनलाक, आपली गोष्ट देवची आसा. देऊ काय?"

बाबा काही बोलायच्या आत स्वरूप हसला. "तुका काय येता गो? तू तांब्यो घेऊन बसस. बाबांनी माका मुद्दाम फुड्यात बसयलेले, चित्रां नीट बघ म्हणून." पुढे बसून चित्रं बघितली खरी, पण गायला त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. ते अर्थात तो म्हणाला नाही.

"येता माका," जयवंती म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"मगे सांग," बाबा म्हणाले. "मकरध्वज मारुतीक दारात अडवता. त्या पदाक चित्र खयचा?"

जयवंतीने डोळे मिटले. बाबांचा आवाज, तो चढा सूर, आणि समोर उभं धरलेलं पान. "देवीचा देऊळ. राम-लक्ष्मण बांधून घातलेले."

"चुकला!" स्वरूपने टाळी वाजवली. "त्या पदाक दाराचा चित्र. देऊळ त्याच्या पाठचा. बघा बाबानू, हिका साधा चित्र म्हायत नाय!"

जयवंतीचे कान तापले. त्याचं बरोबर होतं. पोथीतली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. लोकांना दार दिसे, तेव्हा मागे बसलेल्या तिला देऊळ दिसे. आठ वर्षं ऐकलेल्या कथेला तिच्याकडे एकही चित्र जागेवर नव्हतं. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं.

"आई, रडू नको ना," सोनल कुजबुजली.

"गप रव रे," बाबा स्वरूपला म्हणाले. मग ते फोनकडे झुकले. "चाळीस वर्सां मी ता पद म्हटलंय. माका दार कधी दिसला? माकाय देऊळच दिसा."

स्वरूपने टाळीचे हात खाली घेतले.

"पोथी हाड," बाबा म्हणाले. स्वरूप ती घेऊन आला. "आणि तो फोन हय, मी कथेक बसतंय त्या माझ्या पाटार ठेव. ता पान उभा कर. तसा नाय. दाराची बाजू माझ्याकडे."

पडदा हलला, छप्पर दिसलं, जमीन दिसली, मग स्थिर झाला. पडद्यावर फक्त देऊळ होतं, आणि देवळाच्या वर, पानापलीकडे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्याची पांढरी शेंडी.

"मी फुड्यात बसलंय," पलीकडून आवाज आला. "म्हण."